‘मला बोलता येत नाही’ हे तुम्ही कधी मोजून पाहिलंय का?

पत्रातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, डिप्लोमा मेकॅनिकल. मूळ गाव सिन्नर तालुक्यात, शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑपरेटर म्हणून लागले, मग क्वालिटीत इन्स्पेक्टर झाले, आठ महिन्यांपूर्वी सुपरवायझर. आता दर सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये रिजेक्शनचे आकडे उभं राहून सांगावे लागतात. रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येतो. तीनदा त्यांनी शीट ज्युनिअरच्या हातात देऊन त्यालाच बोलायला लावलं. सातवीत १५ ऑगस्टचं भाषण मधेच विसरले होते आणि सगळी शाळा हसली होती, ते अजून आठवतं. एका व्हिडिओत पाहून २१ दिवस आरशासमोर ‘मी आत्मविश्वासाने भरलेला आहे’ म्हटलं, काही फरक नाही. ‘मॅडम, हे नकारात्मक विचार डोक्यातून काढून कसे टाकायचे, किती दिवस लागतील, आणि बायकोला सांगू की नको?’

आधी आरशाचं बघू. ते बंद करा. तुम्ही मनापासून केलं नाही म्हणून फरक पडला नाही, असं त्या व्हिडिओखाली कुणी लिहिलं असेल तर तेही सोडून द्या. २००९ साली कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच वाईट होतं, त्यांना ‘मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे’ असं वाक्य घोकायला लावलं. घोकणाऱ्यांना, न घोकणाऱ्यांपेक्षा जास्तच वाईट वाटलं. मला यात नवल वाटलं नाही, तुम्हालाही वाटू नये, तुम्ही क्वालिटीतले आहात. सप्लायरने नुसतं सर्टिफिकेट पुढे केलं की तुम्ही काय विचारता? टेस्ट रिपोर्ट कुठाय? मनही तेच विचारतं. तुम्ही म्हणता ‘मी आत्मविश्वासाने भरलेला’, आतून लगेच आवाज येतो, ‘मग सोमवारी शीट त्या पोराच्या हातात का दिली?’ २१ दिवस तुम्ही रोज सकाळी स्वतःचाच माल रिजेक्ट करून घेत होता.

‘काढून टाकायचे’ हा शब्दही मला खटकला. विचार काही गटारात अडकलेली पिशवी नाही, काठीने ढकलली की गेली. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे ‘आता करा विचार’ म्हटल्यावर तर त्यांच्या मनात ते अस्वल, आधी मनाई नसलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं. रविवारी दुपारी ‘उद्याचा विचार नको, उद्याचा विचार नको’ असं तुम्ही करत असाल, तर तुमचं अस्वल संध्याकाळपर्यंत सोफ्यावर येऊन बसत असणार.

मग करायचं काय? ढकलायचंही नाही आणि खोटा रंगही द्यायचा नाही. पकडायचं आणि मोजायचं.

पकडणं वाटतं तितकं सोपं नसतं, कारण हे विचार फार झटपट आणि हळू आवाजात येतात. अमेरिकेतले अॅरन बेक हे मनोविश्लेषण शिकलेले डॉक्टर. पेशंटने मनात येईल ते सगळं बोलायचं आणि डॉक्टरने ऐकायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या एका पेशंटबाई सत्रात सगळं भडाभडा सांगायच्या, तरी अस्वस्थ दिसायच्या. खोदून विचारल्यावर कळलं की बोलता बोलता मागे दुसराच एक विचार चालू असायचा: ‘मी डॉक्टरांना कंटाळा आणतेय.’ सांगितलेल्या गोष्टींपेक्षा हा न सांगितलेला विचारच त्रास देत होता. अशा विचारांना बेक यांनी ‘आपोआप येणारे विचार’ म्हटलं आणि १९६० च्या दशकात त्यावरून उपचाराची अख्खी पद्धत उभी केली. आज आम्ही समुपदेशनात जे करतो, त्यातलं बरंचसं तिथून आलंय.

तुमचं उदाहरण घेऊ. सोमवार, पावणेदहा. कॉन्फरन्स रूममध्ये एसी जास्तच थंड, टेबलावर चहाचे कागदी कप, स्क्रीनवर तुमची एक्सेल शीट. प्लांट हेड म्हणतात, ‘बोअर ओव्हरसाइज का वाढलं?’ उत्तर तुम्हाला माहीत आहे, टूल लाइफ संपल्यावरही इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलला नव्हता, म्हणून भोक मापापेक्षा मोठं पडत होतं, शनिवारी तुम्हीच पकडलं होतं. पण मान खाली जाते, हात शीटकडे जातो आणि शीट ज्युनिअरकडे सरकते. प्रश्न विचारला जाणं आणि शीट सरकणं यांच्या मधे, फार तर दोन सेकंदांत, मनात काहीतरी येऊन गेलं. मला ते हवंय.

जेवणाच्या सुट्टीत खिशातल्या डायरीत ते लिहा, आणि आपल्या बोलीत लिहा. लोक माझ्याकडे येताना लिहून आणतात, ‘मला आत्मविश्वासाचा अभाव जाणवला.’ हा विचार नाही, हा प्रगतिपुस्तकावरचा शेरा आहे. मनात कुणी असं छापील बोलत नाही. मनात येतं, ‘आता झाली फजिती’, ‘तोंडातून काहीतरी भलतंच जाईल’, ‘यांना कळणार आज’. तेच शब्द हवेत. शिवी आली असेल तर शिवीसकट लिहा, डायरी तुमचीच आहे.

शेजारी त्या वेळी किती भीती वाटली तेही लिहा, शून्य ते शंभर. हे लोकांना पोरखेळ वाटतं, म्हणून मी त्यांना गोदापात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीची आठवण देते. पावसाळ्यात ‘गोदेला पूर आलाय’ एवढंच ऐकून आपलं समाधान होत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की कमरेला, छातीला लागलं का, हे विचारतो आणि त्यावरून सराफ बाजारातले लोक दुकान आवरायचं की नाही ते ठरवतात. भीतीचंही तसंच करा. ‘खूप टेन्शन आलं’ यावरून पुढचं काही ठरवता येत नाही. मागच्या सोमवारी ८५ होती आणि या सोमवारी ७०, यावरून ठरवता येतं.

असे चार-पाच प्रसंग जमले की एक गंमत दिसेल. प्रसंग वेगवेगळे, पण विचारांचा गोतावळा एकच. तो कुणाच्या घरचा हे शोधायला तुम्हाला नवीन काही शिकायला नको. रिजेक्शन वाढलं की मूळ कारण सापडेपर्यंत ‘का? का?’ विचारत तुम्ही व्हाय-व्हाय करता ना? तेच करा, फक्त ‘का’ऐवजी ‘मग काय होईल’ विचारा. मी अडखळलो तर मग काय? सगळे बघतील. बघितलं तर? हसतील. हसले तर? ‘याला उगाच वर घेतलं’ म्हणतील. म्हणाले तर मग काय? तुमच्यासारख्यांशी बोलताना इथे बहुतेक वेळा एक शांतता येते आणि मग हळूच वाक्य येतं: ‘मग खरंच कळेल की मी मुळात ऑपरेटरच आहे, चुकून इथे बसलोय.’ तुमचं वाक्य वेगळं असेल. ज्या वाक्याला घसा दाटतो तिथे थांबा. ते विचार नव्हे, ती समजूत. विचार रोज नवे येतात, समजूत वर्षानुवर्षं एकच असते आणि तीच सगळ्यांना जन्म देते.

माप घ्यायच्या व्हर्निअरला झिरो एरर असेल, म्हणजे मधे काही नसतानाही ते शून्य दाखवत नसेल, तर काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. जॉब बरोबर असतो, ऑपरेटर बरोबर असतो, तरी प्रत्येक मोजमाप चुकतं, आणि चूक दर वेळी जॉबचीच वाटते. सातवीतल्या मुलाच्या हातात असंच एक व्हर्निअर आलं. बारा वर्षांचं पोर, समोर अख्खी शाळा हसतेय, त्याने काढलेला निष्कर्ष त्या दिवसापुरता गैर नव्हताच. फक्त नंतर चोवीस वर्षं कुणी ते कॅलिब्रेशनला पाठवलं नाही.

आता मोजायला घ्या. वहीचं पान मधोमध दुमडा. वर समजूत लिहा: ‘मला चारचौघांत बोलता येत नाही.’ एका बाजूला ती खरी असल्याचा पुरावा, दुसऱ्या बाजूला नसल्याचा. पुरावा म्हणजे कॅमेऱ्यात दिसला असता असा. ‘सगळ्यांना मी बावळट वाटलो’ हे चालणार नाही, ते कॅमेऱ्यात येत नाही. ‘मीटिंगमध्ये दोनदा मधेच थांबलो’ हे चालेल. आणि खऱ्या बाजूचं प्रामाणिकपणे लिहा, हातचं राखू नका. ती बाजू रिकामी ठेवून दुसरी भरणारे लोक पुन्हा आरशासमोरच उभे असतात, फक्त वही घेऊन.

दुसरी बाजू भरताना तुम्ही बराच वेळ पेन चावत बसाल. अशा वेळी मी विचारते: रोज शिफ्ट सुरू होताना दहा मिनिटं ऑपरेटरांना काम कोण समजावतं? कस्टमरचा ऑडिटर आला तेव्हा त्याला लाइनवर कुणी फिरवून आणलं? गावात भावकीच्या जमिनीचं भांडण निघालं तेव्हा मधे कोण बोललं? लोक म्हणतात, ‘ते काय, ते मोजायचं नसतं.’ का नसतं? तोंड तेच आहे, माणसंही समोर आहेत. ही झिरो एररची खास खोड: चांगलं मोजमाप आलं की ‘हे सोडून द्या, हे सगळ्यांनाच येतं’ आणि वाईट आलं की लगेच रजिस्टरला नोंद.

पान भरलं की बहुतेक वेळा मूळ वाक्य आपोआप आखूड होतं. ‘मला बोलता येत नाही’ याचं ‘इंग्रजीत, आकडे तोंडावर नसताना, प्लांट हेडसमोर मी अडखळतो’ असं काहीतरी होतं. बघा, हे वाक्य गोड नाही. पण याला ड्रॉइंग आहे, माप आहे. आकडे तोंडावर नसणं यावर काम करता येतं. इंग्रजीबद्दल तर मला शंकाच आहे, कारण सातपूरच्या किती मीटिंगा खरोखर इंग्रजीत चालतात? एकदा कान देऊन ऐका. ‘सर, ते इन्सर्ट चेंज केलं नव्हतं, म्हणून बोअर गेला’ हे वाक्य कुठल्या भाषेतलं आहे, हे सांगणाऱ्याला कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. तुमचे साहेबसुद्धा असंच बोलत असतील, पैज लावते.

इथपर्यंत वहीचं काम. बरेच लोक इथेच थांबतात, आणि पहिली काही वर्षं मीही इथेच थांबवायचे. माझी चूक सांगते. कॉलेज रोडला समुपदेशनासाठी बसायला लागले त्या काळातली गोष्ट. एक तरुण मुलगा यायचा, स्पर्धा परीक्षा देणारा. मुलाखतीची धास्ती. मी त्याच्या एकेका विचाराला असं पकडलं, असं उलटंसुलटं केलं की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. सहाव्या भेटीत तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचं सगळं पटतं. पण वाटत नाही.’ पुढच्या भेटीला तो आला नाही. मी वाद जिंकला होता आणि पोरगं घरी जाऊन तसंच घाबरत होतं. त्या एका वाक्याने मला जे शिकवलं ते पुस्तकांनी आधी सांगितलं होतं, पण मलाही ते नुसतं पटलं होतं, वाटलं नव्हतं.

वाटायला लागतं ते करून पाहिल्यावर. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे या क्षेत्रातले दुसरे मोठे नाव, १९५५ पासून त्यांनी स्वतःची पद्धत मांडली आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. हे एलिस तरुणपणी भयंकर लाजाळू. एकोणिसाव्या वर्षी भाषणाची भीती घालवायला त्यांनी ठरवून लोकांपुढे भाषणं केली. मग न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं, असा महिनाभराचा नेम केला. शंभर जणींशी बोलले. एक भेटायला कबूल झाली, तीही आली नाही. निकाल शून्य. पण कुणी मारलं नाही, पोलीस आले नाहीत, आणि भीती मात्र गेली. (आजच्या काळात बागेतला भाग करू नका, भाषणाचा करा.)

तुमच्या बाबतीत आधी एक गोष्ट नीट बघायला हवी: ज्युनिअरच्या हातात दिलेली ती शीट. ती दिली की लगेच सुटल्यासारखं वाटतं, भीती ८५ वरून २० वर येते, बरोबर? म्हणूनच ती घातक आहे. प्रत्येक वेळी मन नोंद करतं: ‘बोललो नाही म्हणून वाचलो.’ बोलला असता तर काय झालं असतं, हे मोजायची संधीच गेली. मान खाली घालून वाचणं, भरभर बोलून संपवणं, प्रत्येक वाक्य पाठ करून जाणं, ही सगळी त्याच जातीची. या कुबड्यांनी पाय मोडत नाही, पण पाय चालतो का हेही कधी कळत नाही.

तर ट्रायल घ्या, पण एकदम फुल बॅच नको. पहिला आठवडा: शिफ्टच्या सुरुवातीच्या बोलण्यात एक आकडा न बघता सांगायचा. ती जागा सोपी आहे, म्हणूनच तिथून. दुसरा आठवडा: सोमवारच्या मीटिंगमध्ये शीट स्वतःच्या हातात ठेवून फक्त पहिलं वाक्य बोलायचं, मग हवं तर ज्युनिअरला द्या. तिसऱ्यात पूर्ण शीट. आणि एकदा मुद्दाम, उत्तर येत असतानाही, ‘बघून सांगतो सर’ म्हणायचं. याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि यातूनच सगळ्यात जास्त सुटतात, कारण त्यांची खरी भीती ‘मला येत नाही हे दिसेल’ हीच असते.

प्रत्येक ट्रायलच्या आधी, आधीच हं, नंतर नाही, डायरीत अंदाज लिहा: ‘अकरा जणांपैकी निदान पाच हसतील. प्लांट हेड मधेच तोडतील. माझा आवाज कापेल.’ बाहेर आल्यावर मोजा. किती हसले? शून्य? एक जण मोबाइल बघून हसला असेल तर तो एक धरू नका. आवाज कापला? कापला असेल तर हो लिहा. बहुतेकांच्या वहीत असं निघतं की अंदाजातल्या तीनपैकी एखादी गोष्ट होते, तीही अर्धवट, आणि तिचं पुढे काहीच होत नाही. ही नोंद तुमच्या हस्ताक्षरात, तारखेसकट असते. मनाला टेस्ट रिपोर्ट हवा होता, हा घ्या.

एक सावधगिरी, कारण हे तंत्र चुकीच्या जागी वापरलेलं मी पुष्कळ पाहते. सगळेच नकारात्मक विचार चुकीचे नसतात. निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार आले होते, गोडी छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, डावण्या रोग आला, बाग हातची गेली. कुणीतरी त्यांना ‘सकारात्मक विचार करा’ सांगितलं होतं. डावण्या हा विचार नाही, तो रोग आहे, आणि सोसायटीचं कर्ज हाही विचार नाही. तिथे मी वाद घातला नाही. ‘बाग गेली म्हणजे मी बाप म्हणून नालायक’ एवढ्याच एका वाक्यावर आम्ही काम केलं, कारण बाग गेली हे खरं होतं आणि पुढचं त्यांनी स्वतः जोडलेलं. तुमच्याही बाबतीत, एखादा साहेब खरोखरच अपमान करत असेल तर ते वहीने सुटणार नाही, ते एचआरकडे न्यायचं काम आहे.

आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर वही बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगावंसं वाटत नाही असा विचार एकदा जरी आला, तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची टेलिमानस सेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रातून तसं दिसत नाही, पण पत्रात सगळं कुठे येतं.

किती दिवस? २१ हा आकडा विसरा. अशी एकाच जागी अडकलेली भीती असेल आणि आठवड्याला एक ट्रायल खरोखर होत असेल, तर दोन-तीन महिन्यांत माणूस स्वतःहून फरक सांगायला लागतो, असा माझा अनुभव. पण रेषा सरळ उतरत नाही. एखादा सोमवार वाईट जाईल, सातवीतलं पोर परत येऊन उभं राहील. त्या दिवशीही भीतीचा आकडा टाका, पान कोरं ठेवू नका.

बायकोला जरूर सांगा. रविवारी दुपारी तुम्ही गप्प होता हे तिला आठ महिन्यांपासून दिसत असणार, आणि तिने त्याचा काय अर्थ लावला असेल कोण जाणे. फक्त एक विनंती करा: ‘घाबरू नका, काही होत नाही’ असं तिने म्हणायचं नाही. त्याऐवजी रविवारी रात्री तिला समोर बसवून सोमवारचं पहिलं वाक्य एकदा म्हणून दाखवा. ती क्वालिटीतली नाही. तिला ‘बोअर ओव्हरसाइज’ म्हणजे काय ते समजावून सांगता आलं, तर प्लांट हेड अगदीच सोपे आहेत.